सहा ते सात : बेणलेल्या काजूबागेने फिरवलेली एक शर्यत

आमच्या ओरिएंटियरिंग शिबिरात शनिवारच्या मिडल, म्हणजे मध्यम अंतराच्या, शर्यतीत सहाव्या कंट्रोलवरून सातव्याकडे जाताना जवळजवळ निम्मे धावपटू एकाच चुकीच्या नाळेत (डोंगरउतारावरच्या घळीत) उतरले. नवखे उतरलेच, पण आठवडाभर ज्यांच्याकडून बाकीचे शिकत होते तेही उतरले. एखादा चुकला तर त्याचा तो चुकला. इतके जण एकाच जागी चुकतात तेव्हा नकाशा, आखणी आणि आदल्या संध्याकाळी झालेला एक निर्णय, तिन्हींकडे बघावं लागतं. हे टिपण त्या एका लेगबद्दल आहे. बाकीचा आठवडा त्यात तेवढ्यापुरताच येईल. नकाशाची जमिनीवर पडताळणी करणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि शुक्रवारच्या बैठकीत माझं मत अल्पमतात होतं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल वजा करता येईल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन, ठरलेल्या क्रमाने, जंगलात ठेवलेली नारिंगी-पांढरी निशाणं गाठायची. त्या निशाणांना कंट्रोल म्हणतात आणि दोन कंट्रोलमधल्या टप्प्याला लेग. मधली वाट कोणी आखून देत नाही, ती ज्याची त्याने निवडायची. नकाशाचे रंग जगभर सारखे असतात. तपकिरी म्हणजे समोच्च रेषा, निळं म्हणजे पाणी, काळ्यात खडक आणि माणसाने बांधलेलं सगळं. पांढरं म्हणजे बिनअडथळा धावता येईल असं रान. मोकळं मैदान पिवळं असतं, आणि इथे पहिल्या दिवशी सगळेच फसतात. हिरवं जसजसं गडद होत जातं तसतसा वेग पडतो. सगळ्यात गर्द हिरव्यात माणूस धावत नाही, झगडतो.

जागा

शिबिर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात होतं. सत्तरी म्हटलं की म्हादई अभयारण्य आठवतं, पण ते २०८ चौरस किलोमीटर आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. परवानगी मिळाली असती तरी गवे आणि वाघ वावरतात तिथे वाटेबाहेर मुलं पळवणं मला पटलं नसतं. त्यामुळे उरलं ते अभयारण्याबाहेरचं रान : काजूचे डोंगर, जांभ्याचा एक सडा (उघडं पठार), सडा आणि व्हाळ (ओढा) यांच्या मधला मिश्र जंगलाचा पट्टा, आणि खाली वस्तीला लागून कुळागरं (पोफळीच्या बागा). कुळागरांवर आम्ही जांभळ्या रेघा मारून प्रवेश बंद केला. पोफळीच्या मुळाशी नेलेले पाण्याचे पाट तुडवून गेलेल्या माणसाला त्या गावात परत कोणी उभं करणार नाही.

जमीन कोणाची, हा प्रश्न सत्तरीत विचारू नये असं म्हणतात. मोकासा (इनाम जमीन), पोर्तुगीज काळातले अल्वारा (जमिनीचे परवाने), पिढ्यान्‌पिढ्या कसणारे, आणि कागदावर भलतंच नाव. आमच्या कामाला मात्र प्रश्न वेगळा होता आणि तो आम्हाला उशिरा सुचला : या तुकड्यात कोयता कोण चालवतं, आणि कधी?

तारखा जानेवारीतल्या घेतल्या, कारण दुसरा पर्याय नव्हता. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत रानमोडी आणि घाणेरी डोक्याएवढी उभी असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून बागांमध्ये बोंडू वेचणारी माणसं असतात आणि ऊन सोसवत नाही. शिवाय माकडताप. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार २०१५ पासून सत्तरीतही आढळत आला आहे, आणि तो होतो गोचिडीमुळे. काजूबागेतल्या पातेऱ्यात (वाळल्या पानांच्या थरात) बसून काम करणाऱ्यांना त्याचा धोका सर्वात जास्त. गोचिडीची बारकी पिल्लं डिसेंबरपासून उन्हाळा सरेपर्यंत सक्रिय असतात, म्हणजे जानेवारीही सुरक्षित नाही, फक्त मार्चपेक्षा बरी. म्हणून नियम कडक होते. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार, उघड्या अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल, पातेऱ्यावर बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं. रोज परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि एकमेकांची मान-काखा तपासणी. घरी गेल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना 'सत्तरीच्या रानात होतो' हे आधी सांगायचं, असंही प्रत्येकाच्या पालकांना लिहून दिलं होतं.

आठवडा, घाईघाईने

धावणारे तीन गोत्रांचे होते. एनसीसीत नकाशावाचन शिकलेली कॉलेजची मुलं, पणजी-मडगाव-पुण्याकडचे डोंगरात पळणारे हौशी, आणि आसपासच्या गावांतली शाळकरी मुलं. प्रशिक्षक बरीच वर्षं स्कँडिनेव्हियात धावून आलेले.

सोमवारी पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्यांत स्प्रिंटचा सराव झाला. १:४,००० चा नकाशा, आल्तिनोच्या पायऱ्या, आणि ओलांडायला बंदी असलेल्या भिंती. भिंत जाड काळ्या रेषेने दाखवलेली असेल तर ती कमरेएवढी असली तरी चढायची नाही, हे पुणेकरांना पटवायला वेळ लागला.

मंगळवार सड्यावर गेला. तिथे चढ-उतार नाममात्र, झाड नाही, पाय मुरगळेल असा धारदार जांभा आणि त्याच्या फटींत फुरशांची शक्यता. होकायंत्रावर दिशा धरून धावण्याचा सराव अशाच जागी होतो. प्रशिक्षकांच्या स्वतःच्या होकायंत्राची सुई मात्र सारखी अडकत होती. गोव्याच्या मातीत लोखंड, म्हणून सगळे खनिजाला दोष देऊन मोकळे झाले. पण इथलं खनिज मुख्यतः हेमॅटाइट, ते सुईला फारसं हलवत नाही. कारण वेगळंच होतं. उत्तर युरोपात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीकडे तीव्र कोनात झुकलेलं असतं, त्यामुळे सुईचं उत्तर टोक खाली ओढलं जातं. ते सावरायला तिकडचे कारखाने दक्षिण टोकाला किंचित वजन ठेवतात. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, गोव्यात हा झुकाव त्या मानाने बराच कमी. मग ते वजन नुसतंच लोंबतं आणि सुई तबकडीला घासते. होकायंत्र आडवं धरण्याऐवजी जरासं तिरपं धरलं की काम भागतं. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वात उपयोगी ज्ञान हेच.

बुधवारी काजूचे डोंगर. इथे मुलांना हिरव्या रंगाचा पहिला धक्का बसला. डिसेंबरात आम्ही गर्द हिरवं म्हणून नोंदवलेला एक तुकडा चक्क साफ निघाला. विचारल्यावर बागेतल्या काकांनी उलट आम्हालाच विचारलं, "काजू धरायच्या आधी बेणायचं नाय तर कधी बेणायचं, सर? बी पडल्यावर झुडपात शोधणार कोण?" बरोबरच होतं. जानेवारी हा बेणणीचा महिना. प्रत्येक बागायतदार आपापल्या सवडीने आणि मजूर मिळतील तसा खालची झाडी कापतो. एक बाग आज स्वच्छ, शेजारची पंधरा दिवसांनी. दोघांच्या मधली हद्द डोळ्याला भिंतीसारखी दिसते, आणि ती भिंत सरकती असते.

प्रशिक्षकांनी गुरुवारचा कार्यक्रम त्यावरून बदलला. मिश्र जंगलात सगळ्यांना ज्याच्यावर फक्त समोच्च रेषा आहेत असा नकाशा दिला. वाटा नाहीत, हिरवं नाही, खडक नाहीत. सोंड, नाळ, खिंड एवढ्यावर चालायचं. एनसीसीची मुलं सुरुवातीला हताश झाली. त्यांना १:५०,००० च्या नकाशावर कोन काढून पावलं मोजत सरळ जायची सवय, आणि त्या नकाशावर २० मीटरला एक रेषा असते. आमच्या १:१०,००० च्या नकाशावर ५ मीटरला एक. जी नाळ तिकडे रेषेची नुसती थरथर असते ती इथे स्पष्ट खाच असते. गावातल्या मुलांची अडचण उलटी. डोंगर त्यांना पाठ, त्यामुळे नकाशा खिशातच. ओळखीच्या वाटेने भलत्याच जागी वेळेत पोचण्याचे विक्रम त्यांनी केले.

शुक्रवारची संध्याकाळ

शनिवारच्या शर्यतीची निशाणं लावायला गेलेला गट साडेपाचच्या सुमारास परत आला, तो बातमी घेऊन. सहा आणि सातच्या मधली झाडी कापली आहे.

लेगची रचना अशी होती. सहावा कंट्रोल जुन्या चिरेखाणीच्या टोकाला. तिथून पूर्वेला एक सोंड ओलांडायची. सोंडेपलीकडच्या उतारावर एकमेकींना समांतर तीन नाळा खालच्या व्हाळाकडे उतरतात. सातवा कंट्रोल दुसऱ्या नाळेत, वरच्या टोकापासून थोडा खाली, एका खडकाच्या खालच्या अंगाला. वरून निशाण दिसत नाही, नाळेत उतरावंच लागतं. सरळ अंतर ५२० मीटर. नकाशाप्रमाणे सोंडेपासून जुनी, स्वच्छ काजूबाग, म्हणजे पांढरं. दुसऱ्या नाळेच्या अलीकडे गर्द हिरवं सुरू. थोडं डोकं असलेला धावपटू काय ठरवणार? पांढऱ्यातून आडवं पळायचं, हिरव्याची भिंत लागली की तिच्या कडेने खाली वळायचं, नाळ पायाखाली येतेच. आखणाऱ्याने लेग रचला होता तोही हेच गृहीत धरून. दुसरा मार्ग खालचा. मातीच्या रस्त्याने व्हाळापर्यंत उतरायचं आणि दुसऱ्या नाळेच्या मुखातून वर चढायचं. लांब, पण सोपा.

आता बागायतदाराने त्या गर्द हिरव्यातला आपल्या हद्दीपर्यंतचा भाग बेणला होता. त्याची हद्द दुसऱ्या नाळेपलीकडे, तिसरीच्या अलीकडे. म्हणजे भिंत नाहीशी झाली नव्हती, एक नाळ पुढे सरकली होती.

मी आणि आणखी एकजण अंधार पडायच्या आत फोनवर जीपीएस चालू ठेवून नवी कड चालून आलो. जानेवारीत सव्वासहा वाजले की सूर्य गेलाच. कापलेल्या जागी दिसतं लांबवर, पण घोट्याएवढे तिरके, ताजे खुंट उभे असतात आणि फांद्यांचे ढीग पडलेले. त्यामुळे त्याला पांढरं रंगवणंही खोटं झालं असतं. नकाशाच्या भाषेत त्याला हिरव्या उभ्या रेघा शोभतात : वेग कमी, नजर मोकळी.

बैठकीत तीन मतं पडली. पहिलं, जे आहे ते सगळ्यांना सारखंच, काही करू नका. दुसरं, सुरुवातीच्या रेषेवर तोंडी सांगा आणि दुरुस्त केलेला एक नकाशा तिथे टांगा. तिसरं माझं. प्रत्येक नकाशावर हाताने दुरुस्ती करा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत हे स्पष्ट आहे. नकाशा छापल्यानंतर जमिनीवर झालेला आणि शर्यतीवर परिणाम करणारा बदल नकाशावरच उमटवायचा. पण नकाशे गटवार लावून पिशव्यांत बंद झाले होते, छपाईचं दुकान बंद होतं, छापलेले कागद पुन्हा यंत्रातून काढले तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतात, आणि १:१०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. हाताने करायचं तर दोन तासांचं काम, आणि स्वयंसेवक पहाटे चारपासून राबत होते. दुसरं मत मान्य झालं. प्रशिक्षकांचं म्हणणं होतं, बदल धावपटूच्या फायद्याचा आहे, वाट अवघड नव्हे सोपी झाली आहे. मग एवढं कशाला?

मला वाटतं सगळी गोम या वाक्यात आहे. बैठकीत सगळे, मीसुद्धा, बदल वेगाच्या हिशेबात तोलत होतो. किती सेकंद वाचतील, सरळ जाणाऱ्याला अवाजवी फायदा होईल का? कडेचा विचार चर्चेत कोणीच मांडला नाही.

शनिवार

सकाळी आठला पहिला धावपटू सुटला. गव्यांच्या वेळा टाळायच्या म्हणून त्याआधी नाहीच. सुरुवातीच्या रेषेवर सूचना मराठीत, कोंकणीत आणि इंग्रजीत दिली गेली : सहा-सातच्या मधलं गर्द हिरवं आता बरंचसं मोकळं आहे. टांगलेल्या नकाशासमोर रांग लागली नाही. छातीत धडधड असलेला माणूस भिंतीवरचा नकाशा वाचत नाही, आणि स्वतःचा नकाशा तर त्याला सुटल्यावरच मिळतो. कुठला सहा आणि कुठला सात, हे त्या क्षणी त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढचं इलेक्ट्रॉनिक चिपांमधल्या वेळांवरून आणि दुपारच्या गप्पांमधून जुळवता आलं. वरून आडवे गेलेल्यांपैकी बहुतेक जण मोकळ्यातून पळत राहिले, भिंतीची वाट बघत. दुसरी नाळ त्यांनी ओलांडली. वरच्या टोकाला ती उथळ आहे, खुंटांवर नजर ठेवून धावणाऱ्याला ती नुसता खळगा वाटते. मग भिंत आली, अगदी नकाशात दाखवल्यासारखी. तिच्या कडेने ते खाली वळले, नाळ पायाखाली आली, खडकही सापडला, फक्त निशाण नव्हतं. ते तिसऱ्या नाळेत होते. समांतर चूक म्हणतात ती हीच. सगळं जुळतं, म्हणून माणूस शंका घेत नाही. चार-पाच मिनिटांच्या लेगवर बऱ्याच जणांनी तेवढीच मिनिटं आणखी घालवली, काहींनी दुप्पट. मिडल शर्यतीत विजेत्याला सगळी मिळून ३० ते ३५ मिनिटं लागावीत अशी अपेक्षा असते, त्यावरून नुकसानीचा अंदाज यावा.

सूचना नीट ऐकलेले अधिक फसले, असं मला दिसलं. न ऐकलेल्यांना मोकळं रान बघून निदान संशय तरी आला. ऐकलेल्यांनी 'मोकळं आहे म्हणालेच होते' असं म्हणून संशय मिटवला.

वाचले कोण? खालच्या मार्गाने गेलेले जवळजवळ सगळे, कारण व्हाळातून नाळांची मुखं मोजत जाता येतात. वरून गेलेल्यांत गावातली एक नववीतली मुलगी होती. तिने सोंड उतरल्यावर खाचा मोजल्या, दुसरीत वळली. विचारलं तर म्हणाली, "परवा तसंच केलं ना, सर." सड्यावरच्या दोन लेगांत तिने इतका वेळ घालवला होता की निकालात ती खालीच राहिली. लेगची सर्वात जलद वेळ पुण्याच्या एका धावपटूची. तो उंचीचा अंदाज चुकून फार खाली उतरला आणि थेट निशाणावरच आदळला. हे तो स्वतःच हसत सांगत होता. वेळांच्या तक्त्यावरून कौशल्य ओळखणाऱ्यांनी ही नोंद जपून ठेवावी.

दुपारी एनसीसीतल्या एका मुलाने लेखी तक्रार दिली. हा लेग वजा करून निकाल लावा. पंचांनी मागणी नाकारली. तिसऱ्या नाळेत हरवलेले पाच-सहा जण एकमेकांना भेटले आणि पुढे टोळीनेच धावले, म्हणजे आठव्या-नवव्या लेगच्या वेळाही शुद्ध राहिल्या नव्हत्या. मधला एक तुकडा कापून काढल्याने बाकीचं न्याय्य होत नाही. पंचांशी मी सहमत होतो. तक्रार मात्र खोटी नव्हती, आणि तिच्या उत्तरात नकाशा अद्ययावत नसल्याचं स्पष्ट लिहून द्यायला हवं होतं. ते दिलं गेलं नाही.

रविवारसाठी काय बदललं

शनिवारी संध्याकाळी लाँगच्या, म्हणजे रविवारच्या लांब अंतराच्या शर्यतीच्या, मार्गावरच्या बागायतदारांकडे जाऊन आम्ही एकच गोष्ट विचारली : उद्या सकाळपर्यंत कुठे कोयता लागणार आहे? एका मावशींनी दोन मजूर सांगून ठेवले होते, त्यांनी ते दुपारवर ढकलले. ज्या कंट्रोलना झाडीच्या कडेचा आधार होता असे दोन सरकवून एक सोंडेच्या टोकावर आणि एक खिंडीत नेला. नकाशे फोंड्याला जाऊन नव्याने छापले आणि कोपऱ्यात पडताळणीची तारीख टाकली. रविवारी चुका झाल्या, पण विखुरलेल्या. एका जागी ढीग पडला नाही.

प्रशिक्षकांचं आणि माझं एका मुद्द्यावर अजून जुळलेलं नाही. त्यांच्या मते असे लेग सरावात मुद्दाम ठेवावेत, मुलं झाडीवर विसंबणं सोडतील. सरावात ठेवायला माझी हरकत नाही, शर्यतीत आहे. उंचीच्या रेषा वाचता येतात का ते तपासायचं असेल तर गुरुवारसारखा कोरा नकाशा द्यावा. तिथे निदान धावपटूला ठाऊक असतं की हिरवं दिलेलंच नाही. दरम्यान नकाशाच्या फाइलमध्ये आता एक वेगळा थर आहे. त्यात प्रत्येक बागेची हद्द, कापणाऱ्याचा फोन आणि त्याने सांगितलेला बेणणीचा आठवडा आहे. तीन बागांचे रकाने अजून रिकामे आहेत, कारण त्या कोण बेणतं यावर गावातच एकमत नाही.